रेंज आहे, नेट नाही: पैसे घालण्याआधी काय तपासावं

विंचूरच्या उपबाजारात कांद्याचे लिलाव सुरू आहेत आणि मोबाइलवर नुसतं गोल चक्र फिरतंय, अशा वेळी माणूस घायकुतीला येतो. खात्यात पैसे जमा झाले का ते बघायचं असतं, पंपावर डिझेलचे पैसे द्यायचे असतात, लासलगावला आज काय भाव निघाला ते बघून उद्याची गाडी भरायची की नाही ते ठरवायचं असतं. मग पहिला हात जातो रिचार्जकडे. त्यानं काम झालं नाही तर कोणी ‘सेटिंग गेलंय’ म्हणून दीड-दोनशे रुपये घेतं. तरीही नेट आलं नाही, तर हा फोनच जुना झाला, दहा-बारा हजारांचा फाइव्ह जी घ्या, असा सल्ला मिळतो. यातला बराचसा पैसा वाया जातो. बिघाड चारच ठिकाणी असू शकतो: पॅकमध्ये, सिममध्ये, फोनमध्ये नाहीतर टॉवरमध्ये. तो नेमका कुठे आहे हे शोधायला एक रुपयाही लागत नाही. म्हणून आधी शोध आणि मग खर्च, हा क्रम सोडू नका.

त्यासाठी सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे सिमची अदलाबदल. घरातल्या किंवा शेजारच्या कुणाचं तरी नीट चालणारं सिम घ्या, ते त्याच कंपनीचं असलं तर उत्तम. ते तुमच्या फोनमध्ये घाला आणि तुमचं त्यांच्या फोनमध्ये. दोघं एकाच जागी उभे राहा, वायफाय बंद करा आणि एखादं साधं संकेतस्थळ उघडून बघा. त्यांचं सिम तुमच्या फोनमध्ये चाललं, तर फोन ठणठणीत आहे; दोष तुमच्या सिमचा किंवा पॅकचा. तुमचं सिम त्यांच्या फोनमध्ये चाललं, तर फोनची सेटिंग किंवा आतला भाग बघावा लागेल. दोन्ही फोनमध्ये दोन्ही सिम रडत असतील, तर टॉवरकडे बोट दाखवायला हरकत नाही. एक काळजी घ्या: सिम बदललेलं असताना पैशांचं कोणतंही ॲप उघडू नका. ही ॲप त्या सिमशी बांधलेली असतात, सिम बदललं की पुन्हा पडताळणी मागतात आणि एका त्रासाचे दोन होतात. शिवाय सिमचा ट्रे काढला आहेच, तर कोरड्या मऊ कापडानं सिमची सोनेरी बाजू पुसून घ्या. मळ्यात धुळीत वावरणाऱ्या फोनचं नेट एवढ्यानंही परत येतं.

दोष सिम-पॅकच्या बाजूला निघाला, तर आधी पॅक बघा. फोन लागतो, मेसेज येतात, पण नेट मुंगीच्या पावलानं चालतं, याचं पहिलं कारण म्हणजे दिवसाचा कोटा संपलेला असणं. कोटा संपला की जिओ आणि एअरटेलच्या बहुतेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगानं तीन एमबीचा फोटो जायला सहा मिनिटांहून जास्त वेळ लागतो. पैसे पाठवायचा व्यवहार तेवढा वेळ थांबत नाही, मध्येच तुटतो. कंपनीच्या ॲपमध्ये उरलेला डेटा दिसतो, तो आधी बघा. आजच काम अडलं असेल, तर एक जीबीचं एका दिवसाचं व्हाउचर पुरतं. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर ते जिओचं १९ आणि एअरटेलचं २२ रुपयांना झालं. मूळ पॅकची मुदत संपलेली असेल तर हे व्हाउचर चालत नाही, हे मात्र विसरू नका. दर बदलत राहतात, त्यामुळे रिचार्ज मारताना ॲपमधला त्या दिवसाचा आकडा बघूनच पैसे द्या.

आणखी दोन गोष्टी पॅकच्या पोटात दडलेल्या असतात. दूरसंचार नियामक ‘ट्राय’नं डिसेंबर २०२४ मध्ये फक्त बोलण्याचे आणि मेसेजचे पॅक द्यायला कंपन्यांना भाग पाडलं आणि जानेवारी २०२५ पासून ते बाजारात आले. घरातल्या ज्या वडीलधाऱ्यांना नेट लागतच नाही त्यांच्यासाठी ते चांगले आहेत. पण चुकून तुमच्या नंबरवर तसा पॅक पडला, तर नेट चालणारच नाही आणि फोन बिघडलाय असं वाटेल. दुसरी गोष्ट ‘अनलिमिटेड फाइव्ह जी’ची. ते अमर्याद असतं ते फोन खरोखर फाइव्ह जीवर असेपर्यंतच. वस्तीवर पोहोचलात आणि फोन फोर जीवर घसरला, की रोजचा कोटा कापायला सुरुवात होते. जुलै २०२४ पासून जिओ-एअरटेलनं ही सवलत रोज दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरती ठेवली. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक तेव्हा २९९ रुपयांना झाला आणि दोन जीबीचा ३४९ ला. वर्षात असे १३ रिचार्ज होतात, म्हणजे फरक ६५० रुपयांचा. शेतात फाइव्ह जी पोहोचतच नसेल तर हे ६५० रुपये कशाला घालायचे, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

पॅक शाबूत असूनही डेटा चालू होत नसेल, तर सेवा कंपनीच्या बाजूनंच बंद तर नाही ना, ते बघा. इंग्रजी अक्षरांत ‘स्टार्ट’ लिहून १९२५ वर मेसेज केला की डेटा सुरू होतो आणि ‘स्टॉप’ लिहिलं की बंद होतो. कधीकाळी पैसे वाचवायला कुणी ‘स्टॉप’ केलं असेल, तर फोनमध्ये कितीही बटणं दाबली तरी उपयोग नाही.

फोनमधल्या तपासण्याही फुकटच आहेत. विमान मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. फोन टॉवरवर नव्यानं नोंदणी करतो. दोन सिमचा फोन असेल तर डेटा कोणत्या सिमवर लावलाय ते बघा. तारीख-वेळ आपोआप घेण्यावर ठेवा, कारण वेळ चुकली की बँकेची ॲप उघडत नाहीत. डेटा वापराची मर्यादा, डेटा सेव्हर, व्हीपीएन आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ या चार गोष्टी बंद करून पाहा. जाहिराती थांबवायला कुणीतरी डीएनएस बदलून दिलेला असतो आणि तो बिघडला की सगळंच बंद पडतं. फाइव्ह जी गावात पुसटसं येत असेल, तर फोन फोर जी आणि फाइव्ह जीमध्ये उड्या मारत राहतो. नेटवर्कच्या प्रकारात फोर जी निवडून दोन दिवस वापरून बघा.

मग एपीएन. लोक ‘सेटिंग गेलं’ म्हणतात ते बहुतेकदा हेच असतं. मोबाइल नेटवर्कमध्ये जाऊन जिओसाठी ‘जिओनेट’, एअरटेलसाठी ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ आणि बीएसएनएलसाठी ‘बीएसएनएलनेट’ असं इंग्रजीच्या लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता असायला हवं. यानंही भागलं नाही तर ‘नेटवर्क सेटिंग रीसेट’ करा. त्यात साठवलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात. फोटो आणि नंबर जागच्या जागी राहतात. एवढ्या कामाचे कुणी दोनशे रुपये मागितले तर देऊ नका.

सिमच खराब निघालं तर नवं सिम कंपनीच्या स्टोअरमधून आधार दाखवून मिळतं आणि खर्च ५० रुपयांच्या आसपास येतो. मात्र दिवस बघून बदला. सिम बदलल्यावर २४ तास मेसेजची सेवा बंद ठेवायची, असा दूरसंचार विभागाचा नियम आहे. फसवणूक रोखण्यासाठी तो आहे आणि योग्यच आहे. पण त्या दिवशी ओटीपी येणार नाही. कर्जाचा हप्ता, विम्याची शेवटची तारीख किंवा मोठी पट्टी निघायची असेल त्या दिवशी सिम बदलायला जाऊ नये. ‘सिम फाइव्ह जी करून देतो, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो ठेवून द्या. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा.

दोष फोनमध्येच असेल तर खर्चाचा अंदाज असा. सिमचा ट्रे शे-दीडशेत येतो. आतली अँटेनाची बारीक वायर तुटली किंवा सुटली असेल तर मजुरीसह दोनशे ते चारशे. चार्जिंगच्या खालच्या पट्टीवरच अँटेनाची जोडणी असलेले फोन पुष्कळ आहेत. ती पट्टी बदलायला तीनशे ते आठशे. बोर्डवरची नेटवर्कची आयसी गेली असेल तर हजारापासून अडीच हजारांपर्यंत मागतात, आणि हे काम टिकेलच असं नाही. फोन चार-पाच वर्षांचा असेल तर आयसीवर पैसे घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. दुकानागणिक आकडे बदलतात, त्यामुळे निफाड, लासलगाव, येवला यांपैकी दोन ठिकाणी विचारून घ्या, जुना भाग परत मागा आणि बिलावर किती दिवसांची हमी ते लिहून घ्या. वॉरंटी शिल्लक असेल तर गल्लीतल्या दुकानात फोन उघडू देऊ नका, नाहीतर ती गेलीच म्हणून समजा.

सेकंडहँड फोन घेतल्यावर नेटवर्क कधी आलंच नाही, तर आयएमईआय तपासा. स्टार हॅश ०६ हॅश दाबलं की १५ आकडे दिसतात. इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून एक जागा सोडून ते आकडे १४४२२ वर पाठवा. चोरीला गेला म्हणून नोंदलेला फोन कोणत्याच कंपनीच्या सिमवर चालत नाही. ही तपासणी पैसे मोजण्याआधी करायची असते.

आता टॉवर. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कारण फोनवरच्या कांड्या अर्धंच खरं सांगतात. फोनच्या माहितीत ‘सिम स्टेटस’मध्ये डीबीएम नावाचा आकडा असतो. उणे ९० च्या आसपास असेल तर रेंज चांगली, उणे ११० च्या खाली गेला तर कमकुवत, उणे १२० म्हणजे जवळपास नाहीच. हा आकडा घरात, ओट्यावर आणि मळ्यात घेऊन बघा. पत्र्याच्या छपराखाली आणि जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड तो पडतो, ओट्यावर येताच सुधारतो. मग दोष कंपनीचा कमी आणि जागेचा जास्त.

आकडा उत्तम, तरी नेट चालत नाही, हा प्रकार वेगळा. लिलावाच्या वेळी विंचूरच्या उपबाजारात आणि तीनपाटी चौकात ट्रॅक्टरांची रांग लागते, शेकडो फोन एकाच टॉवरवर टेकतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगाची चिमूट येते. ‘ट्राय’चं मायस्पीड ॲप फुकट आहे. त्यावर पहाटे, दुपारी लिलावाच्या वेळी आणि रात्री नऊला वेग मोजा. पहाटे सुसाट आणि बाकी वेळी मरगळ असेल, तर टॉवरवर भार आहे. नवा फोन घेऊन त्यात काडीचा फरक पडणार नाही. वीज बराच वेळ गेली आणि मागोमाग रेंज गेली, तर टॉवरची बॅटरी संपलीय. बाजारात ‘सिग्नल बूस्टर’ विकायला येतात, त्यांच्या नादी लागू नका. परवान्याशिवाय ते बसवणं बेकायदा आहे आणि त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही रेंज बिघडते.

टॉवरची तक्रार फुकट आहे आणि ती करायलाच हवी. आपल्याच कंपनीच्या सिमवरून १९८ लावा, तक्रार क्रमांक मागून घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. डीबीएमचे आणि वेगाचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. ‘नेट चालत नाही’ यापेक्षा ‘अमुक गटात, सकाळी अकराला, वेग इतका’ अशी तक्रार टाळता येत नाही. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येतं. त्यालाही पैसे लागत नाहीत आणि निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. शेवटी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. पाच लाखांपर्यंतच्या रकमेसाठी तिथे शुल्क नाही. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १६ फेब्रुवारी २०२२ रोजी स्पष्ट केलं आहे, त्यामुळे ‘इथे चालत नाही’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घेऊ नका. एप्रिल २०२५ पासून जिल्ह्यात २४ तासांहून जास्त सेवा ठप्प राहिली तर प्रीपेड ग्राहकाला तेवढी मुदत वाढवून आणि पोस्टपेडला भाडं कमी करून द्यायचं आहे. हा हिशेब जिल्ह्याचा आहे. एका गावचा एकच टॉवर बंद पडला, तर त्याखाली भरपाई मागता येईल असं धरून चालू नका.

तक्रारीनं काम झालं नाही तर पोर्ट करा, पण आंधळेपणानं नको. ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम एखाद्या नातेवाइकाकडून मागून घरी आणि मळ्यात दोन दिवस चालवून बघा. बीएसएनएलकडे परतायचा विचार असेल तर तिचं स्वदेशी फोर जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर जाहीर झालं. त्यासाठी जुनं सिम बदलावं लागतं आणि आपल्या फोनमध्ये ७०० मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे बँड २८ चा, आधार आहे का तेही बघावं लागतं. पोर्टसाठी इंग्रजीत ‘पोर्ट’ आणि आपला नंबर १९०० वर पाठवला की कोड येतो, तो चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत आणि सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. महाराष्ट्राच्या परिमंडळातच पोर्ट केलं तर तीन कामकाजाचे दिवस लागतात. शुल्क साडेसहा रुपयांच्या आत आहे. खरा खर्च नव्या कंपनीच्या पहिल्या रिचार्जचा, आणि जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात तो. म्हणून ८४ दिवसांचा पॅक संपत आला की मगच अर्ज करा.

घरात चार-पाच फोन असतील आणि गावात फायबर आलं असेल, तर मोबाइल डेटावर भांडत बसण्यापेक्षा घरासाठी जोडणी घेणं परवडतं. जिओ फायबरचा ३० एमबीपीएसचा पॅक ३९९ रुपयांचा आहे, १८ टक्के जीएसटी धरून महिना सुमारे ४७१. फायबर नसेल तर एअरफायबर ५९९, करासह ७०७ च्या आसपास. मग मोबाइलवर कमी डेटाचा पॅक चालतो आणि फोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ चालू केलं की पत्र्याच्या छपराखालूनही फोन लागतो, त्याचे वेगळे पैसे पडत नाहीत.