संगणकाचा पडदा थरथरतो? आधी घरातील वीज तपासा



सातबारा उतारा, पीक विम्याचा अर्ज, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठीची नोंदणी ही कामे आता संगणकावर होतात. केंद्र शासनाने २०२२ मध्ये देशातील सुमारे ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मंजुरी दिली. त्यामुळे गावच्या सेवा सहकारी संस्थेतही संगणक गरजेचा झाला आहे. गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील प्रतापगड व आजूबाजूच्या गावांत अशा संगणकाच्या शेजारी पिठाची चक्की, धान भरडाईची गिरणी, वेल्डिंगचे दुकान किंवा पाण्याचा पंप असू शकतो. अशा ठिकाणी संगणकाचा पडदा, म्हणजे मॉनिटर, लुकलुकतो किंवा थरथरतो अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते.

अशा वेळी पडदा बिघडला असे समजून नवीन आणण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष पडद्यात नसून विजेच्या जोडणीत असतो. तो तसाच राहिला तर नवीन पडदाही थरथरतो, पंपाची मोटार जळू शकते आणि प्रसंगी घरातील माणसाच्या जिवावर बेतते.

पडदा का थरथरतो?

याची मुख्य कारणे चार आहेत.

१) विद्युत दाब घसरणे : घरगुती एक फेज विजेचा दाब २३० व्होल्ट धरला जातो. त्यात साधारण ६ टक्के कमी-जास्त, म्हणजे २१६ ते २४४ व्होल्ट, चालते. मोटार थेट सुरू करताना ती नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह ओढते. ५ अश्वशक्तीची तीन फेज मोटार चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेते, मात्र सुरू होताना तीच ४० ते ५० अँपिअर घेऊ शकते. त्या क्षणी त्याच वाहिनीवरील घरांत दाब घसरतो, दिवे मंदावतात व पडदा लुकलुकतो.

२) सैल जोडणी : मीटर, मुख्य स्विच, फ्यूज किंवा प्लगमधील स्क्रू सैल झाला की तेथे ठिणग्या पडतात. वीज तुटक येते व जोडणी तापते.

३) चुंबकीय क्षेत्र : मोटार, रोहित्र, जुन्या ट्यूबलाईटचा चोक किंवा स्टॅबिलायझर यांच्याभोवती चुंबकीय क्षेत्र असते. काचेच्या नळीच्या जुन्या, खोक्यासारख्या मॉनिटरमध्ये चित्र काढणारा किरण या क्षेत्रामुळे हलतो व चित्र लाटेसारखे डुलते. चपट्या एलसीडी किंवा एलईडी पडद्यावर हा परिणाम होत नाही.

४) केबलमधून शिरणारा अडथळा : वेल्डिंग, घासलेल्या कार्बन ब्रशची यंत्रे व कुंपणाचे झटका मशीन यांच्या ठिणग्यांतून रेडिओ लहरी निघतात. पडद्याची केबल या लहरी पकडते. चपटा पडदाही अशा वेळी क्षणभर काळा पडतो.

दोष शोधण्याची पद्धत

एका वेळी एकच गोष्ट बदलावी व परिणाम वहीत लिहून ठेवावा.

१) वेळ नोंदवा. पडदा केव्हा थरथरतो व त्या वेळी गावात काय चालू असते ते तीन-चार दिवस लिहावे. चक्की सुरू होतानाच लुकलुकत असेल तर कारण दाब घसरण्याचे आहे. उन्हाळी धानाला पाणी देण्याच्या दिवसांत किंवा महाशिवरात्रीच्या यात्रेत तात्पुरते दिवे वाढल्यावर त्रास वाढत असेल, तर वाहिनीवरील भार तपासावा लागेल.

२) खोलीतील दिव्याकडे पाहा. पडद्याबरोबर बल्बही मंद-तेज होत असेल तर दोष विजेचा आहे. एलईडी दिवा कमी दाबातही सारखाच जळतो, म्हणून या परीक्षेसाठी साधा तारेचा बल्ब वापरावा.

३) यूपीएसची परीक्षा. पडदा व संगणक यूपीएसवर असतील तर भिंतीवरील बटण बंद करून दोन-तीन मिनिटे बॅटरीवर चालवावेत. प्लग उपसू नये, म्हणजे अर्थिंग जोडलेली राहते. थरथर थांबली तर दोष विजेच्या तारेतून येत आहे. थांबली नाही तर तो पडद्यात, केबलमध्ये किंवा जवळच्या यंत्रात आहे.

४) जागा बदला. जुना मॉनिटर दोन मीटर सरकवून किंवा वळवून ठेवावा. चित्र स्थिर झाले तर कारण चुंबकीय क्षेत्राचे आहे. संगणकाच्या मागील भिंतीपलीकडे चक्कीची मोटार किंवा मीटरचा बोर्ड आहे काय ते पाहावे.

५) केबल तपासा. दोन्ही टोके घट्ट बसवावीत. उंदराने कुरतडली नाही ना ते पाहावे. शेजाऱ्याची चांगली केबल काही वेळ लावून पाहावी. पडद्याची केबल विजेच्या तारेसोबत गुंडाळून ठेवू नये.

६) ट्रान्झिस्टर वापरा. साधा रेडिओ मीडियम वेव्हवर, जेथे कोणतेही केंद्र लागत नाही अशा ठिकाणी ठेवावा. तो हातात घेऊन घरभर फिरावे. सतत करकर वाढेल तेथे ठिणगी पडणारी जोडणी किंवा यंत्र असते. साधारण सेकंदाला एक याप्रमाणे टिक-टिक ऐकू आली तर कारण झटका मशीन समजावे.

झटका मशीन व कुंपण

नवेगाव-नागझिरा परिसरातील जंगलालगत रानडुकरांपासून धान वाचविण्यासाठी सौर कुंपणाचा वापर होतो. प्रमाणित झटका मशीन सेकंदाला एकापेक्षा जास्त झटका देत नाही आणि प्रत्येक झटका सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा लांबत नाही. म्हणून तो जनावराला पळवतो, मारत नाही. तारेला गवत किंवा ओल्या फांद्या टेकल्या, इन्सुलेटर फुटला किंवा जोड सैल झाला की तेथे ठिणग्या पडतात व रेडिओ, संगणक दोघांनाही अडथळा होतो. त्यासाठी तारेखालचे गवत कापावे व जोड पक्के करावेत. मशीनची अर्थिंग घराच्या अर्थिंगपासून किमान १० मीटर दूर असावी. दोन्ही अर्थिंग एकत्र कधीही जोडू नयेत.

घरातील किंवा पंपाची वीज कुंपणाच्या तारेत थेट सोडणे हा गुन्हा आहे. त्यात वन्यप्राणीच नव्हे तर माणसेही दगावतात.

सर्वांत धोक्याचे लक्षण

पडदा थरथरत असताना घरातील काही दिवे मंद व काही एकदम तेज होत असतील, किंवा शेजारच्या घरात दिवे फुटत असतील, तर न्यूट्रल तार सैल किंवा तुटलेली असण्याची शक्यता असते. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तुटली की काही घरांत दाब फार कमी होतो, तर काही घरांत तो ४०० व्होल्टच्या जवळ जाऊ शकतो. अशा वेळी पुढील परीक्षा करीत बसू नये. मुख्य स्विच बंद करावा, शेजाऱ्यांना सावध करावे व महावितरणला कळवावे. डी.पी. किंवा खांबावर स्वतः हात घालू नये. संगणकाच्या पेटीला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तरीही वापर थांबवून अर्थिंग तपासून घ्यावी.

उपाय

• मुख्य स्विच, फ्यूज व मीटरनंतरच्या जोडण्या परवानाधारक वायरमनकडून वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळ्यापूर्वी, घट्ट करून घ्याव्यात. मीटरच्या आधीचे काम महावितरणचे आहे.

• संगणकासाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र तार व तीन पिनांचा सॉकेट घ्यावा. त्यावर मिक्सर, पंखा किंवा पंप जोडू नये. तिसरी पिन कधीही कापू नये.

• अर्थिंगचा खड्डा ओलसर जागी असावा. उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घालावे. न्यूट्रललाच अर्थिंग समजून जोडणी करू नये.

• मोठ्या मोटारीस स्टार-डेल्टा स्टार्टर बसवावा. त्यामुळे सुरुवातीचा प्रवाह थेट स्टार्टरच्या एक तृतीयांशावर येतो व गावातील दिवेही कमी मंदावतात.

• दाब नेहमीच कमी असेल तर वेळ व व्होल्ट लिहून लेखी तक्रार करावी. तोंडी तक्रारीपेक्षा अशी नोंद उपयोगी पडते.

• केबलमधून अडथळा येत असेल तर आखूड, चांगल्या आवरणाची व टोकाशी फेराइटचा जाड मणी असलेली केबल घ्यावी.

वरील सर्व परीक्षांनंतरही थरथर राहिली, तर तोच पडदा दुसऱ्या गावातील संगणकाला जोडून पाहावा. तेथेही थरथरला तरच तो दुरुस्तीस द्यावा. धानाचे पान पिवळे पडले की आपण आधी मूळ व बांधीतील पाणी पाहतो, लगेच फवारणी करीत नाही. पडद्याच्या बाबतीतही तोच क्रम ठेवावा. विकतच्या वस्तूवर खर्च करण्यापूर्वी घरातील जोडण्या व अर्थिंग तपासून घ्यावी.