थंडीच्या रात्री आणि आपली शोकगीते

गेल्या डिसेंबरात नववीच्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, सहा डिसेंबरची गाणी एवढी संथ का असतात? जयंतीची गाणी लागली की पाय हलायला लागतात. ही ऐकली की घरची आठवण येते." तिचे आईवडील त्या वेळी ऊसतोडीला गेलेले होते. वर्गात त्या दिवशी आधुनिक भारताचा धडा चालू होता आणि प्रश्नाचा त्या धड्याशी काही संबंध नव्हता. मी दोन वाक्यांत काहीतरी उत्तर दिले आणि पुढे गेलो. ते उत्तर अपुरे होते, हे त्याच संध्याकाळी जाणवले. स्मरणिकेच्या निमित्ताने ते पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे.

थंडीच्या दिवसांत मन उदास होते आणि त्या उदासीला साजेशी गाणी व कविता माणसाला हव्याशा वाटतात, हा अनुभव सर्व देशांतला आहे. आपल्या जिल्ह्यातही त्याची एक प्रसिद्ध नोंद झालेली आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेसच्या कार्यकारिणीचे सदस्य अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले. पंडित नेहरूंनी तेथे 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले हे आपण शाळेत शिकवतो. त्याच किल्ल्यात मौलाना अबुल कलाम आझाद यांनी उर्दूतील 'गुबार-ए-खातिर' हा पत्रसंग्रह लिहिला, हे मात्र नगरच्याही पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. ही पत्रे हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला उद्देशून लिहिलेली आहेत आणि कैदेत असताना त्यांतले एकही टपालात पडले नाही. त्यांत मौलानांनी आपल्या हिवाळ्याच्या प्रेमाविषयी लिहिले आहे. पाणी गोठण्याच्या जवळ जाणारी थंडी, रात्रीची वेळ, भिंतीतल्या शेगडीत उंच भडकलेल्या ज्वाळा आणि त्यांच्या अगदी जवळ बसून वाचन-लेखन, ही त्यांची सुखी आयुष्याची कल्पना होती. एप्रिल १९४३ मध्ये त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. मौलाना किल्ल्यातच होते. सुटकेसाठी सरकारकडे विनंती करणे त्यांनी नाकारले होते. त्यानंतरचे पत्र वाचताना डोळे ओलावतात. संग्रहातले शेवटचे पत्र संगीतावर आहे.

मला हा ग्रंथ फार आवडतो. परंतु वर्गात तो सांगताना अडखळायला होते, कारण माझ्यासमोर बसलेल्या मुलांचा हिवाळा त्या शेगडीजवळचा नाही. पाथर्डी-शेवगावकडची, शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी-पाटोद्याकडची जी मुले आपल्या वसतिगृहात राहतात, त्यांच्या घरी हिवाळा म्हणजे गावाला कुलूप. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाच्या उचलीवर कोयता निघतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. १९५० च्या सुमारास प्रवरेकाठी लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे जिल्ह्यात कारखान्यांची रांग लागली, तो सहकाराचा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. त्याच इतिहासाचे दुसरे पान उसाच्या फडाशेजारच्या कोपीत लिहिले जाते. पहाटे तीन-चारला उठायचे, दवाने भिजलेल्या पाचटात उतरायचे, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. येथे थंडी कवितेला निमित्त म्हणून येत नाही. ती पायाच्या भेगांतून येते. आणि तरीही कोपीवर गाणे असते. रात्री भाकरी झाल्यावर शेकोटीशी कोणीतरी गुणगुणते आणि बाकीचे ऐकतात. त्या गाण्याला उदास म्हणावे की आधाराचे म्हणावे, हाच खरा प्रश्न आहे.

आता सहा डिसेंबरकडे येतो.

बाबासाहेबांना संगीताची ओढ होती. उतारवयात ते व्हायोलिन शिकू लागले होते, हे अनेकांना आश्चर्याचे वाटते. दिल्लीत २६, अलीपूर रोड येथे ५ डिसेंबर १९५६ ची ती शेवटची संध्याकाळ कशी गेली, हे नानकचंद रत्तू यांच्या आठवणींमुळे व चरित्रकारांमुळे आपल्याला कळते. दिल्लीचा हिवाळा सुरू झालेला, प्रकृती ढासळलेली. डोळे मिटून बाबासाहेब हलक्या आवाजात त्रिशरण गुणगुणू लागले. मग रत्तूंना रेडिओग्रामवर त्याचीच तबकडी लावायला सांगितली आणि तिच्या सुरात सूर मिसळला. जेवणानंतर ते कबीराचे एक पद गुणगुणत आपल्या खोलीकडे गेले. जग सोडून निघण्याविषयीचे ते पद आहे. रात्री 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकाची टंकलिखित पाने त्यांनी तपासायला जवळ ठेवून घेतली. सकाळी ते उठले नाहीत.

हा प्रसंग सांगताना बहुतेक वक्ते त्या पानांवर भर देतात आणि ते योग्यच आहे. शेवटच्या रात्रीपर्यंत काम, हा धडा मोठा आहे. मी मात्र मुलांना गाण्याकडेही पाहायला सांगतो. पन्नास वर्षे पुस्तकांत राहिलेल्या त्या माणसालाही थंडीच्या एका रात्री गाणे हवे वाटले, आणि ते उत्साहाचे गाणे नव्हते.

पार्थिव विमानाने मुंबईला आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तेथेच भदन्त आनंद कौसल्यायन यांच्याकडून हजारो लोकांनी धम्मदीक्षा घेतली. शोकातून दीक्षेकडे हा समाज एकाच दिवसात, एकाच जागी गेला. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या दिवसांत आपल्या वाड्या-वस्त्यांवर काय घडले, याची नोंद करणारे लोक फार थोडे होते. वर्तमानपत्रांना मुंबई दिसली. नेवासे, राहुरी, अकोले येथल्या एखाद्या वस्तीवर बातमी कशी पोहोचली, चुली पेटल्या की नाही, म्हातारी माणसे काय बोलली, हे कुणी लिहिले नाही. ते गाण्यांत राहिले. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांचे दस्तऐवज ते हेच.

लिहिता न येण्यावरून वामनदादा कर्डक आठवतात. देशवंडी हे त्यांचे गाव सिन्नर तालुक्यात, म्हणजे आपल्या संगमनेर-अकोल्याच्या शेजारी. जन्म १५ ऑगस्ट १९२२. तरुणपणी मुंबईत आले तेव्हा अक्षरओळख नव्हती. ती मोठेपणी, पाट्या वाचत वाचत कमावली. पुढे याच माणसाने हजारो गीते रचली आणि २००४ पर्यंत गावोगाव फिरून गायिली. महापरिनिर्वाणाच्या वेळी ते चौतिशीत होते. त्यांच्या शोकगीतांत रडणे फार वेळ चालत नाही, हे लक्ष देऊन ऐकणाऱ्याला कळते. एखाद-दुसऱ्या कडव्यात दुःख मांडून होते आणि लगेच प्रश्न येतो: आता तुम्ही काय करणार? हा प्रश्न ऐकणाऱ्याला विचारलेला असतो. जलशांच्या परंपरेतून आलेला कवी असाच लिहिणार.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचा तांत्रिक भाग. ही गाणी संथ का? एक कारण असे की ती अनेकांनी मिळून गायची असतात. मुख्य गायक कडवे म्हणतो आणि झीलकरी धृपद उचलतात. कडव्यातला मजकूर नवा असतो, त्यावर विचार करायला वेळ लागतो; धृपद मात्र सर्वांच्या तोंडी असते. गायकाचा गळा दाटून आला तरी गाणे थांबत नाही, मागचे लोक ते सांभाळतात. ढोलकी बाजूला ठेवली जाते किंवा अगदी हलक्या हाताने वाजते, पेटीचा सूर धरून ठेवलेला असतो. चाल पुष्कळदा पाळण्याची, भजनाची किंवा एखाद्या चित्रपटगीताची असते. बाबासाहेबांच्या निधनाच्या गीताला पाळण्याची चाल का, असे मी लहानपणी वडिलांना विचारले होते. ते म्हणाले, "बायांना दुसरी चाल येत नव्हती आणि त्यांना तर गायचं होतं."

बायांचे गाणे हा वेगळा आणि मोठा विषय आहे. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या सुमारे एक लाख ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. पहाटेच्या गारठ्यात जात्याशी बसून, नवऱ्याला किंवा सासूला जे सांगता येत नाही ते या बायांनी दगडाला सांगितले, आणि बाबासाहेबांना त्यांनी कधी बापाच्या, कधी भावाच्या नात्याने हाक मारली. पिठाच्या गिरण्या आल्या, श्रम वाचले, ते बरेच झाले. ओवी मात्र उठून गेली.

बौद्ध घरांत कधी कधी एक शंका निघते, आणि आपल्या शाळेतल्या मुलांनीही ती काढली आहे. उपोसथाच्या दिवशी अष्टशीलात नृत्य, गीत व वाद्य यांपासून दूर राहण्याचे शील आहे; मग भगवंताला गाणे अमान्य होते काय? दीघनिकायातील सक्कपञ्ह सुत्त यावर वाचावे. राजगृहाजवळच्या इंदसाल गुहेत भगवान बसले असता पंचशिख गंधर्व वीणा घेऊन येतो आणि एक गीत गातो. त्या गीतात बुद्ध आहे, धम्म आहे, अर्हत आहेत, पण मुळात ते विरहाचे, प्रेयसीच्या ओढीचे गीत आहे. भगवान रागावत नाहीत. वीणेचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांवर मात करीत नाहीत, असे सांगून ते त्याच्या गायनाची दाद देतात आणि हे गीत कधी रचलेस, असे विचारतात. अष्टशील हा ठरावीक दिवसाचा अभ्यास आहे. त्यावरून गाण्यावर बंदी घालणे बरोबर नाही, असे माझे मत आहे.

थेरीगाथेत तर दुःखाचीच गाथा झाली आहे. पती, दोन मुले आणि आईवडील एकापाठोपाठ गमावलेली पटाचारा तेथे बोलते, पण आक्रोश करीत नाही. पाय धुतलेले पाणी उतारावरून वाहत जाताना ती पाहते, दिवा घेऊन कुटीत जाते, अंथरूण पाहते, आणि सुईने वात खाली ओढून दिवा मालवते. तेवढ्यातच तिचे चित्त मोकळे होते. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या स्त्रियांची वचने आपल्यापर्यंत आली, कारण लिखाणाआधी ती पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत केली गेली.

आणि थंडीविषयी म्हणाल, तर अंगुत्तरनिकायात एक सुत्त आहे. आळवी येथे शिंशपेच्या वनात, गुरांच्या वाटेवर, पालापाचोळ्याच्या अंथरुणावर भगवान बसलेले असतात. माघ-फाल्गुनाच्या सांध्यावरील आठ दिवसांचा तो कडक गारठा. हत्थक नावाचा उपासक विचारतो, रात्री झोप नीट लागली का? जमीन खुरांनी कठीण झालेली, पाला पातळ, चीवरे थंड, वारा बोचरा, हे सर्व त्याला दिसत असते. भगवान म्हणतात, लागली; जगात सुखाने झोपणारे जे आहेत, त्यांतला मी एक आहे. मग ते उलट विचारतात की बंद दारांच्या, ऊबदार, दिव्यांनी उजळलेल्या घरात मऊ बिछान्यावर असलेला माणूस मनात राग-द्वेष-मोहाचा दाह असेल तर सुखाने झोपेल काय?

हे सुत्त मुलांना सांगताना मी जपून असतो. पाल्यावर झोपणे ही भगवंताची निवड होती. आपल्या मुलांची पातळ गोधडी ही निवड नाही. दारिद्र्याला पुण्याची झूल घालून ते भगवंताने कधी गौरवले नाही, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा आधी ब्लँकेट, मग सुत्त. (तीन वर्षांपूर्वी एका माजी तुकडीने वसतिगृहाला ब्लँकेटे दिली, त्यांचे येथे आभार मानतो. मुलींच्या वसतिगृहाला अजून हवी आहेत.)

शोकगीताबाबतही हीच कसोटी मी लावतो. ज्या गाण्याने माणूस आपल्या हालाला सरावतो, ते मला नको आहे. ऊसतोडीच्या कोपीवर गायिले जाणारे सगळेच काही जागृतीचे नसते; नशिबाला बोल लावणारी, मागच्या जन्माच्या पापावर भार टाकणारी गाणीही तेथे आहेत, आणि ती ऐकायला गोड आहेत. त्यांच्या गोडीत मीही लहानपणी रमलो. पण आपल्या सहा डिसेंबरच्या गाण्यांत नशीब नाही. गेलेला माणूस आहे, त्याने केलेले काम आहे आणि उरलेले काम आहे. म्हणून ती ऐकताना घर आठवले तर आठवू द्यावे. आठवणीने अभ्यास बुडतो, असे मला तरी दिसलेले नाही.

अलीकडे मात्र ही गाणी ऐकू येईनाशी झाली आहेत. सहा डिसेंबरच्या अभिवादन सभेतही मोठे स्पीकर लागतात आणि जयंतीचीच गाणी त्यावर वाजतात. तरुणांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना दुसरी गाणी कुणी दिलीच नाहीत. माझे वडील गावच्या गायन पार्टीत पेटी वाजवीत. त्यांच्याजवळ गाण्यांची एक जाड वही होती. ते गेल्यावर ती मी लोखंडी पेटीत न ठेवता भिंतीतल्या फळीवर ठेवली. दोन पावसाळ्यांनी उघडली तेव्हा वाळवीने मधली सगळी पाने खाल्लेली होती. पुठ्ठा आणि कडेचे काही तुकडे राहिले. त्यांतली सहा गाणी मला तोंडपाठ आहेत. बाकीची किती होती, हेही आता सांगता येणार नाही. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसाकडून हे घडले, याची बोचणी मला दर हिवाळ्यात लागते.

अशा वह्या आणखी पुष्कळ घरांत असतील. त्यांत गाण्याच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या गाण्याचे नाव लिहिलेले असते. ती ओळ निरुपयोगी समजू नये. 'नागिन' हा चित्रपट १९५४ चा. त्यातल्या गाण्याची चाल दिलेली असेल तर ते गीत त्या वर्षाच्या आधीचे नाही, एवढे तरी निश्चित होते. पानाच्या कोपऱ्यातील हिशेब, गावाचे नाव, सभेची तारीख, कुणाच्या बारशाला गायिले याची नोंद, हे सगळे कामाचे असते.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना विनंती आहे की अशी वही असल्यास ती एका दिवसासाठी शाळेत आणावी. कार्यालयात तिची छायाप्रत काढून मूळ वही त्याच दिवशी परत केली जाईल. ज्यांच्याकडे वही नाही पण आजीला गाणी येतात, त्यांनी मोबाईलवर ती ध्वनिमुद्रित करून आणावीत, आणि सुरुवातीला आजीचे नाव, गाव व हे गाणे तिने कुणाकडून ऐकले, एवढे तिच्याच तोंडून बोलून घ्यावे.

तो प्रश्न विचारणारी मुलगी आता दहावीला आहे. वडिलांकडची सहाही गाणी तिने माझ्याकडून उतरवून घेतली आहेत. त्यांतल्या एकाची चाल मला नीट येत नव्हती. संक्रांतीच्या सुटीत ती फडावर आईवडिलांना भेटायला गेली, तेव्हा तेथल्या टोळीतल्या एका म्हातारीकडून ती चाल शिकून आली. मी गात होतो त्याहून ती बरीच संथ आहे.