पहाटे उचलता येईल तोच अँप घेजो

बाबू, गाण्याच्या पार्टीत गिटार धरतोयस हे तुझ्या आईकडून कळलं. बरं वाटलं. नागपूरला जाऊन शंभर वॅटचा, दणदणीत अँप आणायचा म्हणतोस, तेव्हा पैसे मोजण्याआधी मामाचं थोडं ऐकून घे.

आधी आपलं वर्ष कसं जातं ते बघ. शारदा-दुर्गेच्या सुमारासच १५-१६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर सोहळा असतो. बाबासाहेबांनी १९५६ साली तिथे दीक्षा दिली, तेव्हापासून त्या दिवसांत आपल्या भागात भीमगीतांची धामधूम असते. दिवाळी झाली की मंडई, शंकरपट, आणि त्यांच्या मागोमाग नाटकं. होळीपर्यंत वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या झाडीपट्टीच्या चारही जिल्ह्यांत फिरतात. पुढे लग्नं आणि १४ एप्रिलची जयंती. यातला कुठलाच कार्यक्रम सभागृहात नसतो. धान निघालेल्या बांधीत मंडप पडतो, गाडी रस्त्यावर थांबते आणि उरलेली वाट धुऱ्यावरून. जाताना अंगात जोर असतो. नाटक रात्री दहा-अकराला उभं राहतं आणि उजाडायला आलं की संपतं. पहाटेच्या थंडीत, डोळ्यांवर झोप, एका खांद्यावर गिटार, आणि दुसऱ्या हातात अँप घेऊन त्याच धुऱ्यावरून परत यायचं, ही खरी परीक्षा. आपले नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, झाडीपट्टीचं नाव दिल्लीपर्यंत गेलं. सामान मात्र अजून आपलं आपणच उचलतो.

म्हणून दुकानात गेल्यावर पहिलं काम वाजवायचं नाही, उचलायचं. एका हाताने उचल आणि दुकानाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन ये. मध्ये हात बदलावा लागला तर तो अँप तुझा नाही. बारा किलोच्या वर जाऊ नकोस असं मी सांगेन. मूठ कुठे बसवली आहे तेही बघ. पट्ट्याची मूठ दोन स्क्रूवर लोंबत असेल तर एका हंगामात तुटते.

आता वॅटचं. पन्नास वॅटच्या जागी शंभर वॅट घेतले की आवाज दुप्पट होतो असं सगळ्यांना वाटतं. वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला वॅट दहापट लागतात. उलट स्पीकर बघ. एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल देतो हा आकडा स्पीकरच्या माहितीत दिलेला असतो. ९७ वाला आणि १०० वाला यांत तोच ३ डेसिबलचा फरक, म्हणजे चांगल्या स्पीकरचा पन्नास वॅट आणि सुमार स्पीकरचा शंभर वॅट आवाजाला सारखेच. दुकानदार हा आकडा आपणहून सांगत नाही, विचारावा लागतो. विचारलास की तो तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतो, हा वरचा फायदा.

आणि इतका आवाज तुला हवाय कशाला? मैदानभर आवाज पोचवायचं काम बिछायत केंद्राच्या साउंडवाल्याचं आहे. त्याचे टॉप आणि बास तुझ्या शंभर वॅटला गिळून टाकतील. तुझ्या अँपचं काम एवढंच, की ढोलकी आणि ऑक्टोपॅडच्या गदारोळात तुला तुझी गिटार ऐकू यावी आणि शेजारच्या की-बोर्डवाल्याला तुझी कॉर्ड कळावी. त्यासाठी पन्नास वॅट आणि एक बारा इंची स्पीकर भरपूर झाला. दहा इंचीही चालतो. आठ इंचीत जाड तारा पातळ लागतात, पण गाण्यांच्या साथीला भागतं. मागे लाइन आउट मात्र हवंच हवं. तिथून केबल थेट मिक्सरला जाते, अँपसमोर माईक लावायची कटकट राहत नाही, आणि नाचाच्या गाण्याला कोणी तो माईक उचलून नेत नाही.

हलका अँप हलका का असतो, हेही ठाऊक असू दे. जुन्या अँपच्या पोटात लोखंडाचा मोठा ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरला जाडजूड फेराइटचं चुंबक असतं. वजन त्यांचंच. नव्यांत क्लास-डीचं सर्किट आणि मोबाइलच्या चार्जरच्या जातीची वीजपुरवठ्याची पाटी असते, काहींत निओडिमियमचं चुंबक. फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा ट्यूबवाला अँप २९ किलोच्या घरात जातो. त्याच कंपनीचा टोन मास्टर ट्विन ट्यूबशिवाय तसाच आवाज काढतो आणि १५ किलोत बसतो. रोलंडचा जॅझ कोरस १२० १९७५ पासून चालत आला आहे. त्याच्या चकचकीत कोरसवर माझाही जीव आहे, पण तोही २८ किलोचा, दोन माणसांचं ओझं. तुझ्या खिशाला आणि हाताला बॉसचा कटाना ५० जवळचा, साडेअकरा किलोच्या आसपास. रोलंडचा क्यूब स्ट्रीट ईएक्स साडेसात किलोचाही नाही, पन्नास वॅट देतो आणि पेन्सिल सेलवरसुद्धा चालतो. लाइन गेली तरी गाणं थांबत नाही. सेलवर मोठ्या आवाजात पूर्ण नाटक निघेल या भरवशावर मात्र राहू नकोस. ट्यूबचा अँप आपल्या भागात आणूच नको. आवाज गोड असतो, नाही म्हणत नाही, पण आपल्या रस्त्यांवर त्या काचा टिकत नाहीत आणि ट्यूब मागवायला महिना जातो.

आवाज तपासायची पण रीत आहे. दुकानात एकटं वाजवताना बास आणि ट्रेबल चढवून, मधले सूर पाडून अँप फार गोड वाजतो. तोच अँप पार्टीत गेला की गिटार गायब. खालचे सूर बासवाला आणि ढोलकी खातात, वरचे झांजा. गिटारला जागा उरते ती मधल्या सुरांतच. म्हणून मिडल चढव, बास उतरव, गेन जेवढा वाटतो त्याच्या निम्मा ठेव. नंतर दुकानाच्या पोराला एक कॉर्ड धरायला लावून स्वतः दहा-बारा फूट लांब जाऊन उभा राहा. आपण अँपच्या पुढ्यात उभे राहतो तेव्हा आवाज गुडघ्याला लागतो, कानाला नाही. म्हणूनच कार्यक्रमात अँप खुर्चीवर ठेवायचा, किंवा मागे कलता करून त्याचं तोंड आपल्या कानाकडे करायचं. एवढं केलंस की निम्मा आवाजही पुरतो आणि साउंडवाला तुझ्यावर खेकसत नाही.

सगळ्यात लक्ष देण्यासारखी गोष्ट लाइनची. गावात जनरेटर असतो, आणि त्यावर हॅलोजन, झालर, टॉप सगळंच. दिवे लागले की व्होल्टेज खाली बसतं, एकदम बंद झाले की उसळतं. अँपच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलं असेल तर खाली बसलेलं व्होल्टेज तो निभावून नेतो. नुसतं २३० लिहिलं असेल तर आवाज दबतो, गुरगुरतो. उसळीला मात्र दोन्ही घाबरतात. बॅगेत एक स्वस्तातलं मल्टिमीटर ठेव, पिन लावायच्या आधी बोर्डात घालून बघ. २६०च्या वर काटा दिसला तर पिन लावू नको, कोणी कितीही घाई करू दे. जनरेटर स्थिर झाल्यावरच अँप सुरू कर आणि जनरेटर बंद व्हायच्या आधी आपला अँप बंद कर.

घूं असा आवाज आला की कोणीतरी शहाणा अर्थिंगची पिन मोडायला सांगेल. ते ऐकायचं नाही. अँप एका बोर्डावर, मिक्सर दुसऱ्यावर, आणि एकाचं अर्थिंग गेलेलं, अशा वेळी हात तारांवर आणि ओठ माईकला लागले की करंट बसतो, आणि तो गमतीचा नसतो. शक्य तर मिक्सरच्याच बोर्डावरून लाइन घे. गाण्याआधी माईकच्या जाळीला बोटाची उलटी बाजू लावून बघायची सवय ठेव. झिणझिण्या आल्या तर साउंडवाल्याला सांग, तो काय म्हणेल याची पर्वा करू नकोस.

डिसेंबर-जानेवारीत दव पडतं. दोनच्या सुमाराला हात लावून बघ, अँपच्या माथ्यावर ओल असते. वर ताडपत्रीचा तुकडा टाक, पण मागची जाळी झाकू नको, तिथून त्याला वारा लागतो. गार अँप गाडीतून घरात आणलास की लगेच सुरू करू नको, आत पाणी धरतं. तासभर उघडा राहू दे. आणि मे महिन्यात बंद गाडीत ठेवू नको. चंद्रपूरचा पारा ४७ पार करतो, मग त्या गाडीच्या पत्र्याखाली काय होत असेल? सेलवाला अँप असेल तर सेल काढूनच ठेवायचा.

एक तोटा सांगून ठेवतो, नंतर मामाने सांगितलं नाही म्हणू नकोस. जुना लोखंडी अँप बिघडला तर आपल्याकडचा रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला चहा तापवायला लागेल तेवढ्या वेळात तो सुरू करून देतो. नव्या हलक्या अँपची आतली पाटी गेली की ती बदलावीच लागते, आणि ती नागपूरला किंवा त्याहून लांब जाते. तोवर हंगाम थांबत नाही. म्हणून बॅगेत एक छोटं मल्टिइफेक्ट पेडल ठेव, ज्यात स्पीकरची नक्कल असते. अँप मेला तर गिटार पेडलमधून थेट मिक्सरला. मग सगळंच पेडलवर का नाही, असं विचारशील. कारण मॉनिटर नटांकडे तोंड करून ठेवलेले असतात, आणि तुझा आवाज तुला ऐकू येतोय की नाही याची काळजी तुझ्या अँपशिवाय कोणालाच नसते.

बिल घेजो, वॉरंटीचा शिक्का दुकानातच मारून घेजो, आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे हे पैसे द्यायच्या आधी विचारजो. पैसे उरले तर दुसरा अँप नको, दोन चांगल्या केबल घे. कार्यक्रमात अँपच्या आधी केबलच दगा देते.