जुना ट्रॅक्टर घेताना काय पाहाल ?

मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि चिखलणीचे दिवस थोडे असतात. त्यामुळे डहाणू, तलासरी भागात जुना ट्रॅक्टर घेण्याकडे कल असतो. मात्र रंगरंगोटी पाहून घेतलेला ट्रॅक्टर ऐन आषाढात बंद पडला, तर पैशाबरोबर हंगामही जातो. म्हणून पुढील बाबी तपासूनच व्यवहार करावा.

आपले काम कोणते ?

चिकूच्या बागेत फांद्या खाली आलेल्या असतात. तेथे १८ ते २८ अश्वशक्तीचा, कमी उंचीचा व अरुंद ट्रॅक्टर सोयीचा. पी.टी.ओ.वर चालणारा फवारणी पंप वापरायचा असल्यास दुहेरी क्लच असलेला ट्रॅक्टर घ्यावा. एकेरी क्लच दाबला की ट्रॅक्टरबरोबर पंपही थांबतो.

भातखाचरात चिखल चाकात व ब्रेकमध्ये जातो. तेथे तेलात बुडालेले ब्रेक कोरड्या ब्रेकपेक्षा टिकतात आणि चारचाकी ओढ असल्यास ट्रॅक्टर कमी रुततो. तलासरीकडील उताराच्या वरकस जमिनीत ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असतो. तेथे चाकांमधील अंतर वाढविता येणारा ट्रॅक्टर पाहावा. चालकाच्या मागे संरक्षक कमान असावी. बागेतही काम असेल तर ती दुमडणारी असावी.

तपासणी कशी कराल ?

१) इंजिन थंड असतानाच जावे. आधीच गरम करून ठेवलेले इंजिन सुरू होण्यातील दोष लपविते.

२) धूर पाहावा. सतत निळसर धूर येत असल्यास इंजिन ऑइल जळते, म्हणजे रिंगा व लायनर झिजलेले असू शकतात.

३) ऑइलची पट्टी काढून पाहावी. ऑइल दुधासारखे दिसल्यास त्यात पाणी मिसळले आहे.

४) लिफ्टवर रोटाव्हेटर उचलून इंजिन बंद करावे. तो लगेच खाली येऊ लागल्यास हायड्रॉलिकमध्ये गळती आहे.

५) पुढचे चाक जॅकवर उचलून हलवावे. खडखड झाल्यास बेअरिंग किंवा किंगपिन झिजले आहेत.

६) केवळ अवर मीटरवर विसंबू नये, तो बंद ठेवता येतो. पेडलचे रबर, आसन व टायर किती झिजले ते पाहावे.

७) समुद्रकाठच्या गावात वापरलेला ट्रॅक्टर असल्यास पत्रा, रेडिएटर व बोल्ट यांवरील गंज जरूर पाहावा.

माहितीचा मेकॅनिक सोबत न्यावा. सुटे भाग जवळपास मिळतात का, याचीही चौकशी करावी.

कागदपत्रे

आर.सी. बुकातील इंजिन व चासी क्रमांक प्रत्यक्ष ट्रॅक्टरवरील क्रमांकांशी जुळवावेत. बँकेचा बोजा असल्यास तो नमुना ३५ भरून उतरवून घ्यावा. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. विमा चालू आहे का, नोंदणीची १५ वर्षांची मुदत संपली का, तेही पाहावे.

आपल्याकडे गुजरातचा ट्रॅक्टर सहज मिळतो. तो घेताना तेथील परिवहन कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. परराज्यातील वाहन १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ येथे ठेवल्यास नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो.

शेवटी, खरेदीच्या किमतीत टायर, बॅटरी व दुरुस्तीचा अंदाजे खर्च मिळवूनच भाव ठरवावा. वर्षातून थोडेच दिवस काम असेल, तर कर्ज काढण्यापेक्षा भाड्याने काम करून घेणे किंवा दोघा-तिघांनी मिळून ट्रॅक्टर घेणे अधिक फायद्याचे ठरते.