गप्पीच्या पिल्लांवर पांढरे ठिपके: काय करायचं, काय नाही



आजचा सल्ला पिकाचा नाही, घरातल्या काचेच्या टाकीचा आहे. थंडी पडल्यापासून माशांचे फोटो येतायत आणि प्रश्न एकच, कोणतं औषध टाकू? एका ताईंनी तर मोरचुदाच्या पुडीचा फोटो पाठवला. म्हणून आधी हेच सांगतो. मोरचूद, फवारणीचं कीटकनाशक, गोचिडाचं औषध यातलं काहीही टाकीत टाकू नका. मोरचुदाने हा परजीवी मरतो हे खरं, पण तो मरायची मात्रा आणि मासा मरायची मात्रा यात अंतर फार थोडं असतं. पंधरा दिवसांच्या पिल्लाला तेवढी चूकही झेपत नाही. फवारणी करून आलात तर हात साबणाने धुतल्याशिवाय टाकीत घालू नका.

या रोगाला दुकानदार 'इक' म्हणतात. मोठ्या माशाच्या अंगावर रवा भुरभुरल्यासारखे ठिपके दिसतात. पिल्लांवर मात्र ठिपके दिसायच्या आधीच मर सुरू होऊ शकते. त्यामुळे पंख मिटून बसणं, काचेला अंग घासणं, वर येऊन भराभर श्वास घेणं यावर लक्ष ठेवा.

ठिपका म्हणजे कातडीखाली बसलेला परजीवी. तिथे असेपर्यंत त्याला मीठ लागत नाही, औषधही लागत नाही. पोट भरलं की तो गळून तळाशी जातो, कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ती मासा शोधत पोहत असतात तेव्हाच मरतात. कोषावर फवारा बसत नाही, अळीवर बसतो, तसंच हे. म्हणून एक दिवस उपचार करून थांबलं तर उपयोग नाही. पाणी थंड असेल तर हे चक्र कितीतरी आठवडे लांबतं, 25 अंशाच्या आसपास काही दिवसांत पुरं होतं.

म्हणून आधी ऊब द्या. टाकीचा हीटर लावून पाणी दिवसभरात हळूहळू 28 ते 30 अंशांवर न्या. बादलीत पाणी तापवायचा रॉड टाकीत कधीच नको. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, हवेचा पंप चालू ठेवा. लाईट गेली तर टाकीला गोधडी गुंडाळा, वरची बाजू उघडी ठेवा आणि मगने पाणी वरून ओतत राहा.

मग मीठ. साधं जाडं मीठ चालतं. प्रमाण लिटरला 2 ग्रॅम, काट्यावर मोजून. पाण्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा आणि 1000 ने भागा, लिटर कळतील. 20 लिटरला 40 ग्रॅम झालं. अर्धं आज, अर्धं उद्या, आणि आधी वाटीत विरघळवून. खडे थेट टाकू नका. गप्पीला हे प्रमाण सोसतं. टाकीत मांगूर जातीचे किंवा तळाला राहणारे बिनखवल्याचे मासे असतील तर आधी मला विचारा.

रोज चौथा हिस्सा पाणी नळीने तळातून ओढा, कवचं तिथेच असतात. नळीच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा, नाहीतर पिल्लं पण जातील. हीटरचा प्लग आधी काढा. नवं पाणी टीसीएलचं असेल तर एक दिवस उघडं ठेवलेलं घ्या. 5 लिटर काढलं तर नव्या पाण्यात 10 ग्रॅम मीठ. आटलेलं पाणी भरताना मीठ नाही, कारण मीठ आटत नाही. पिल्लांना अंड्याचा बलक देत असाल तर या दिवसांत अगदी कणभर, पाणी पटकन नासतं.

शेवटचा ठिपका गेल्यावरही सात दिवस हे चालू ठेवा. पिल्लं वेगळ्या भांड्यात काढून भागत नाही, परजीवी अंगातच सोबत जातो.

हा उपाय शेततळ्यात करू नका. 10 लाख लिटरला 2000 किलो मीठ लागेल आणि ते पाणी ठिबकला जाईल. दुकानातली हिरवी मॅलाकाईट ग्रीन बाटलीही तिथे नको, खायच्या माशांना ती वापरायला परवानगी नाही. तळ्यातल्या बोटुकलीवर काही दिसलं तर वेगळा फोटो पाठवा. टाकीतून काढलेलं खारं पाणी परसबागेत किंवा कुंडीत ओतू नका.

फोटो उजेडात, बाजूने काढा. सोबत टाकी किती लिटरची आणि नवा मासा कधी आणला तेही लिहा.

— कृषी सल्लागार