पाणकावळा : तळ्याकाठचा एक पाठ

गेल्या हिवाळ्यात एका शाळेच्या भेटीत तिसरीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, तळ्यातला पाणकावळा पंख पसरून का बसतो?” मी तत्परतेने सांगितले, “त्याच्या पिसांना तेल नसते, म्हणून ती भिजतात. तो ती वाळवितो.” मुलगी म्हणाली, “मग बुडी मारल्यावर त्याला थंडी कशी वाजत नाही?” वीस वर्षे वर्गात हेच उत्तर देत आलेल्या मला त्या दिवशी निरुत्तर व्हावे लागले.

वास्तविक या पक्ष्याच्या शेपटीच्या मुळाशी तेलग्रंथी असते व तो चोचीने ते तेल पिसांना लावतोही. भेद आहे तो पिसाच्या रचनेत. प्रत्येक पिसाची बाहेरची कड सैल विणीची असल्याने भिजते; मधला भाग मात्र कोरडा राहतो. त्यामुळे अंगालगत हवेचा पातळ थर टिकून शरीराची ऊब राहते, आणि कडा भिजल्याने तरंगण्याचा जोर कमी होऊन बुडी मारणे सोपे जाते. पाण्याखाली तो पंख मिटून केवळ पायांच्या रेट्याने माशांचा पाठलाग करतो. बाहेर आल्यावर पंख वाळविणे ही या सोयीची किंमत होय.

नावात ‘कावळा’ असला, तरी त्याचे कावळ्याशी साम्य रंगापुरतेच. जमल्यास मुलांना पायांची चित्रे शेजारी शेजारी दाखवावी. कावळ्याची तीन बोटे पुढे व एक मागे असते; बदकाची पुढची तीन बोटे पडद्याने जोडलेली असतात; पाणकावळ्याची चारही बोटे एकाच पडद्यात असतात. चोचीचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते. प्रौढ पक्ष्याच्या बाह्य नाकपुड्या बुजलेल्या असल्याने तो तोंडाने श्वास घेतो.

जगात याच्या सुमारे ४० जाती आहेत. आपल्याकडील जलाशयांवर तीन आढळतात. आखूड चोचीचा लहान पाणकावळा गावतळ्यातही दिसतो. भारतीय पाणकावळा त्याहून मोठा, लांब सडपातळ चोचीचा व निळ्या-हिरव्या डोळ्यांचा असतो. मोठा पाणकावळा बदकाहूनही मोठा असून विणीच्या काळात त्याच्या मांडीवर पांढरा ठिपका उमटतो. दूरच्या गॅलापागोस बेटांवरील एका जातीचे पंख इतके खुजे झाले आहेत की तिला उडताच येत नाही; तरीही पाण्याबाहेर येताच ती ते इवलेसे पंख पसरून उभी राहते! बेरिंग बेटावरील एक जात १७४१ साली स्टेलर या निसर्गशास्त्रज्ञाने पाहिली होती. माणसांनी खाण्यासाठी तिची शिकार केली आणि १८५० च्या सुमारास ती नामशेष झाली.

मासे पळवितो म्हणून कोळी बांधव त्याच्यावर रागावतात, हे मुले सांगतीलच. त्या वेळी जपानमधील नागारा नदीची गोष्ट सांगावी. तेथे रात्री नावेवर जाळ पेटवून, गळ्यात दोरी बांधलेल्या पाणकावळ्यांकडून मासे धरवितात. दोरीमुळे मोठा मासा त्यांना गिळता येत नाही.

पावसाळ्यात लहान पाणकावळे बगळ्यांच्या संगतीने झाडांवर काटक्यांची घरटी करतात. पिल्ले आईबापांच्या घशात चोच खुपसून अन्न घेतात. हे दृश्य दुरूनच दाखवावे. मुले झाडाखाली गेली की पक्षी उडतात, आणि उघड्या पडलेल्या अंड्यांवर पहिला डल्ला मारतो तो खरा कावळाच.