आकड्याची गोष्ट लिहिताना

बाळू, मटक्याच्या दिवसांवर तू आठवणी लिहायला घेतल्यास असं कळलं. लालबागला मी नऊ वर्षं चिठ्ठ्या फाडल्या, तेव्हा चार गोष्टी सांगायचा माझा हक्क आहे.

आधी हार लिही. लागलेला आकडा माणूस जन्मभर सांगत फिरतो. गेलेला पैसा मात्र घरातल्या बाईच्याच ध्यानात राहतो. म्हणून तुझ्या घरी सुमनला विचार: कोणतं भांडं कधी मोडीत गेलं, कोणत्या महिन्यात रेशन उचललं नाही, वाण्याची उधारी कुठवर चढली. तुझ्या वहिनीने मला सगळं ओळीने सांगितलं. पितळी बंब, तिच्या कानातल्या कुड्या, मग धाकटीची शाळेची फी. यातला बंब तेवढा मला आठवत होता. सुमन जे सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरव, सारवासारव करू नकोस.

खेळ नीट समजावून सांग. तीन पत्ते, त्यांची बेरीज, बेरजेतला शेवटचा अंक. 3, 5, 6 आले की 14, म्हणून ओपन चार. क्लोजही तसाच काढायचा, दोन्ही मिळून जोडी. आणि लगोलग भाव लिही. दहा आकड्यांतला एक लागला तर आपल्या अड्ड्यावर रुपयाला नऊ, शंभर जोड्यांतली एक लागली तर नव्वद. म्हणजे दहातला एक रुपया धंद्याचा, रोजचा. हे पानावर आलं की ‘नशीब’ हा शब्द फारसा लागत नाही.

न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे दर तारेने यायचे, त्यांवर आकडा लागायचा. ते बंद पडल्यावर 1962 साली कल्याणजी भगत आणि 1964 साली रतन खत्री मटका घेऊन पुढे आले. हे दोन ओळींत आटप. खत्रीशेठने आपल्या खांद्यावर हात ठेवला होता, असं सांगणारे मला पुष्कळ भेटले. तू खत्रीशेठना पाहिलं नसशील तर पाहिलं नाही असंच लिही. तू पाहिलीस ती कार्बन घातलेली चिठ्ठी, पानवाल्याच्या गादीमागची फळी, गिरणीची पाळी सुटल्याचा भोंगा आणि त्या भोंग्यासरशी आपल्याकडे वळणारी पावलं. ते तुझ्यावाचून कोण लिहिणार?

जिवंत माणसांची नावं बदल, चाळही बदल. आपण केलेलं बदलू नकोस.

आणि गिरण्यांच्या संपावर खापर फोडू नकोस. 18 जानेवारी 1982 नंतर गिरण्या थांबल्या, घरं बसली, खरं आहे. पण त्याआधी कित्येक वर्षं पगाराच्या दिवशी आपण गेटाबाहेर वही घेऊन उभे होतो. पाकीट घरी पोचायच्या आत त्यातली नोट आपण काढून घ्यायचो, आणि तिच्यात आपलं कमिशन असायचं. ते किती, ते आकड्यात लिही. गरिबीने करायला लावलं, असं मीही फार वर्षं म्हणत आलो. मला बदली कामगार म्हणून रात्रपाळीला लागता आलं असतं. मी गेलो नाही, कारण चिठ्ठ्यांत पैसा जास्त होता.

छापायला देण्याआधी सगळं सुमनला मोठ्याने वाचून दाखव. ‘असं नव्हतं’ असं ती जिथे म्हणेल, ते पान पुन्हा लिही. माझी 1974 सालची एक वही अजून माळ्यावर आहे. रविवारी ये आणि घेऊन जा.